काळी चार की काळी पाच: आमच्या समूहगानाच्या प्रकल्प नोंदी

८ जून २०२५, रविवार

काम काय आहे ते आधी लिहून ठेवते म्हणजे नंतर वाद नकोत. गणपतीत पहिल्या दिवशी आरतीनंतर सोसायटीचं समूहगान करायचं ठरलंय. डझनभर बायका, सहा-सात पुरुष, पेटी, तबला, टाळ. गाणं घरचंच आहे, शब्द बी विंगमधल्या आजींचे आणि चाल आमच्या पेटीवाल्या काकांची. चाल गोड आहे पण अवघड आहे, खाली मंद्र (खालच्या सप्तकातल्या) नी ला टेकते आणि वर तार (वरच्या सप्तकातल्या) ग ला एकदा जाऊन येते, आणि मधला सगळा वेळ अंतरा प, ध, नी वर घुटमळत राहतो.

काकांनी काळी चार धरली, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या चौथ्या काळ्या पट्टीवर सा धरला, कारण बायकांची पट्टी म्हणजे काळी चार असं सगळ्यांनाच वाटतं. आज पहिल्यांदा सगळे एकत्र बसलो आणि ध्रुवपद बरं झालं पण अंतऱ्यात ध-नी वर निम्म्या बायकांचा आवाज चिरकला, निम्म्यांचा एकदम बारीक होऊन गायबच झाला, आणि तिकडे पुरुष एक सप्तक खाली गात होते ते ध्रुवपदातल्या खालच्या नी वर नुसते घोगरे बोलल्यासारखे येत होते. सगळ्यांचं एकच म्हणणं की पट्टी खाली घ्या. मला ते पटत नाहीये, कारण वरचा तार ग बऱ्याच जणींना नीट लागला, गडबड त्याच्या खालीच झाली. वर जमतंय आणि मधे जमत नाहीये, म्हणजे हा प्रश्न उंचीचा नाही.

मी डबिंग स्टुडिओत साउंड एडिटिंग करते त्यामुळे आवाज मोजायचं काम माझ्याकडे आलंय. प्रत्येकाचा आवाज रेकॉर्ड करायचा, कुठला सूर कुठल्या आवाजात लागतो ते कागदावर मांडायचं आणि मग पट्टी ठरवायची. आमचे भजन म्हणणारे बुवा म्हणाले एवढ्यासाठी कॉम्प्युटर कशाला, पण बसतो म्हणाले.

११ जून, बुधवार

सामान जमवलं. प्राट नावाचं सॉफ्टवेअर आहे, ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या दोघांनी बनवलेलं, फुकट आहे, भाषा आणि आवाजाचा अभ्यास करणारे सगळे तेच वापरतात. दिसायला अगदी जुनाट पण सुराची रेघ चोख काढतं. फक्त त्याला किती हर्ट्झपासून (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं) किती हर्ट्झपर्यंत शोधायचं ते नीट सांगावं लागतं, वरची मर्यादा ५०० ठेवली तर तार सप्तकातला सूर ते सरळ अर्ध्यावर दाखवू शकतं आणि मग एखादी काकू एकदम पुरुषी खर्जात गातेय असं वाटतं. बायकांसाठी १२०० पर्यंत ठेवलं.

माईक स्टुडिओतला जुना आणलाय, तोंडापासून वीतभर अंतरावर सगळ्यांना सारखा. फोनवर नको, फोन स्वतःच आवाज कमीजास्त करतो आणि नॉइज कापायच्या नादात गाणंही कापतो.

हॉलचा त्रास वेगळाच. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या ट्यूबलाइटचा आणि पंख्याच्या रेग्युलेटरचा गुणगुणाट ५० आणि १०० वर येतो, आणि पुरुषांचा खालचा नी नेमका ९८ च्या आसपास! प्राटला कळतच नाही की हे काका गातायत की ट्यूब. त्यामुळे रेकॉर्डिंग करताना पंखे, लाइट बंद, जूनमधे, पार्ल्यात. वर विमानं आहेतच, एक गेलं की दुसरं यायच्या आत उरकायचं.

अजून एक, सोसायटीची पेटी ट्यूनरला लावून बघितली तर पांढरी सहा ४४० च्या ऐवजी ४४६ दाखवते. म्हणजे पाव सुरापेक्षा थोडी कमी, पण चढी आहे. गाण्याला काही फरक पडत नाही, पण मोजताना पेटी नको, तंबोऱ्याचं ॲपच वापरायचं.

१५ जून, रविवार

आज मोजणी. प्रत्येकाने आधी आरामात आ लावायचा, मग खालून वर घसरत जायचं, वरून खाली यायचं, आणि मग एकेक सूर वेगळा. लगेच स्पर्धा सुरू झाली, तुझा किती वर गेला, माझा किती. तळमजल्यावरच्या वहिनींनी ९०० च्या पुढे काहीतरी किंकाळीसारखं काढलं आणि टाळ्या घेतल्या. नववीतला पोरगा घसा खरखरवत ५० च्या खाली गेला आणि म्हणाला मावशी लिहा, मीच सगळ्यात खाली. त्याने मग मोबाइलवर दाखवलं की गिनीज बुकात टिम स्टॉर्म्स नावाच्या अमेरिकन गायकाचा ०.१८९ हर्ट्झचा रेकॉर्ड आहे. माणसाला ऐकूच वीस हर्ट्झच्या वर येतं, म्हणजे तो सूर मशीनशिवाय कुणालाच कळणार नाही, म्हणून तर मी कागदावर दोन रकाने केलेत: निघतो आणि टिकतो. निघतो म्हणजे आवाज कसातरी तिथे पोचतो, टिकतो म्हणजे एका श्वासात, शब्दासकट, न थरथरता चार मात्रा धरता येतो. पट्टी ठरवायला फक्त दुसरा रकाना.

बहुतेक बायकांचा टिकणारा पट्टा साधारण १७५ ते ६०० च्या आतबाहेर निघाला, पुरुषांचा १०० ते ३५० च्या आसपास. दोन सप्तकांच्या थोडं आतच सगळे. पण मला जे बघायचं होतं ते या टोकांमधे नाहीये, ते मधे कुठेतरी आहे.

१८ जून, बुधवार

रात्री वाचत बसले. जे कळलं ते माझ्यासाठीच लिहून ठेवते.

आवाजाची रजिस्टर म्हणजे स्वरतंतू हलायच्या वेगवेगळ्या तऱ्हा. सगळ्यात खाली ती खरखर, तंतू अगदी सैल, एकेक फटका वेगळा ऐकू येतो, साधारण ७० हर्ट्झच्या खाली. मग आपला रोजचा बोलायचा, भरीव आवाज, ज्याला पाश्चात्त्य लोक चेस्ट व्हॉइस म्हणतात, यात तंतू जाड आणि आखूड असतात आणि त्यांच्या आतला स्नायूसुद्धा हलतो. मग हलका आवाज, हेड व्हॉइस किंवा पुरुषांच्या बाबतीत फॉल्सेटो, यात तंतू ताणून पातळ झालेले असतात आणि नुसती कड हलते. आणि सगळ्यात वर शिटीसारखा व्हिसल, साधारण हजार हर्ट्झच्या पुढे. मोझार्टच्या १७९१ च्या द मॅजिक फ्लूटमधे रात्रीच्या राणीला जो सगळ्यात वरचा सूर दिलाय तो १३९७ हर्ट्झचा आहे, आमच्या काळी चारच्या हिशोबाने तार सप्तकही संपून त्याच्या वरच्या सप्तकातला ध. फ्रेंच संशोधक या चार तऱ्हांना नावं न देता शून्य, एक, दोन, तीन असे नंबर देतात, मला ते बरं वाटलं, कारण चेस्ट म्हटलं की लोक छातीत शोधत बसतात आणि आवाज काही छातीत तयार होत नाही, सगळं कंठमण्याच्या मागेच चाललेलं असतं.

दोन स्नायूंची ओढाताण आहे. एक तंतूंच्या आतच असतो, तो त्यांना आखूड आणि जाड करतो. दुसरा कंठमणी पुढे झुकवतो आणि तंतू ताणतो. सूर वर न्यायचा म्हणजे ताणणाऱ्याचं काम वाढतं, आतला धरून ठेवतो, धरून ठेवतो आणि एका ठिकाणी सोडून देतो. ते सोडणं अचानक झालं तर आवाज चिरकतो, हळूहळू झालं तर ऐकणाऱ्याला कळतही नाही. रियाज म्हणजे बराचसा हाच.

गळ्यात आरसा घालून हे पहिल्यांदा नीट बघितलं ते गाणं शिकवणाऱ्या माणसाने, डॉक्टरने नाही. मॅन्युएल गार्सिया, १८५४ साली, दाताच्या डॉक्टरांचा छोटा आरसा आणि सूर्याचा उजेड घेऊन स्वतःचेच स्वरतंतू बघितले, आणि पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं. १०१ वर्षं जगला. आपल्याकडे ऑपेरा हाऊसजवळ देवधर स्कूल १९२५ पासूनचं, कुमार गंधर्वांचे गुरू प्रा. बी. आर. देवधर, त्यांनीही आवाज कसा घडवायचा यावर शास्त्र म्हणून काम केलं, आणि पुढे संगीताचे अभ्यासक अशोक रानडे त्यांच्याकडेच हे शिकले. म्हणजे मुंबईत हा विषय नवा नाहीये, आमच्या सोसायटीत नवा आहे.

आणि शार्ङ्गदेव! तेराव्या शतकात, देवगिरीच्या यादवांच्या पदरी, संगीतरत्नाकरात लिहून गेलाय की मंद्र हृदयातून, मध्य कंठातून, तार मस्तकातून, आणि पुढचा प्रत्येक आधीच्याच्या दुप्पट. चेस्ट आणि हेड वाचून आलेलं कुणीही उडी मारेल की अरे हे तर तेच, पण मला नाही वाटत तसं. तो सप्तकांबद्दल सांगतोय, दुप्पट हा शब्द त्यासाठीच आहे. सप्तक सा कुठे धरला त्यावर ठरतं आणि सा आपण हलवू शकतो. स्नायू सोडतो ती जागा सा विचारून ठरत नाही. बहुतेक आमची अडचण इथेच आहे, रविवारी बघू.

२२ जून, रविवार

आज फक्त मींड, म्हणजे न तुटता घसरत जाणं. खालून वर एका आ मधे, मग वरून खाली, आणि रेघ कुठे तुटते ते बघायचं.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा ग्राफ समोर ठेवून लिहितेय. १९० पासून रेघ सुरेख चढते, जाड, वरचे सगळे हार्मॉनिक्स (मूळ सुराच्या पटीत वर उमटणारे सूर) काळेभोर, अगदी तीन-साडेतीन हजारांपर्यंत पट्टे दिसतायत. ३३० ला रेघ किंचित थरथरते. ३५५ ला तुटते, अगदी केसाएवढी फट, आणि पलीकडे ३९० ला परत सुरू होते, मधलं काहीच नाही. आणि पलीकडचं चित्रच वेगळं, खालचा मूळ सूर जाड पण त्याच्या वरचे पट्टे फिकट, दोन हजारांच्या वर जवळजवळ कोरं. ऐकायला तेच बारीक झालेलं. पुढे ६२० पर्यंत अगदी गुळगुळीत. आता उतरताना गंमत, उतरताना फट ३५५ ला नाहीये, ती ३१० ला आहे. म्हणजे चढताना जाड आवाज जरा जास्त वरपर्यंत धरून ठेवला जातो आणि उतरताना हलका आवाज जरा जास्त खालपर्यंत. काकू म्हणाल्या अगं म्हणजे आरोहात एक आणि अवरोहात एक, रागासारखं. हो, तसंच.

एकेक करत सगळ्यांचे बघितले. पाच-सहा जणींची फट इतकी स्पष्ट नाही, काही वर्षं क्लास केलेल्यांची तर जेमतेम दिसते, पण जागा बघा, सगळ्यांची ३०० ते ४०० मधेच! आणि मग पुरुषांचे लावले. बँकेतले दादा ३४० ला. पेटीवाले काका ३२० ला, पलीकडे नुसती हवा. म्हणजे पुरुषांचे स्वरतंतू लांब, १७ ते २५ मिलीमीटर, बायकांचे १२ ते १७, बोलायचा आवाज जवळजवळ सप्तकभर खालीवर, पण हे वळण दोघांचंही साधारण एकाच टापूत. हे वाचलं होतं पण हॉलमधल्या माणसांचं प्रिंटआउट एकाखाली एक लावून बघितलं तेव्हा मी दोन मिनिटं गप्पच झाले. फरक एवढाच की पुरुषांच्या पट्ट्यात ते वळण टोकाला येतं, म्हणून ते तिथपर्यंत जातच नाहीत आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो, आणि बायकांच्या बरोब्बर मधे येतं.

बुवा रेल्वेतून रिटायर झालेत. ग्राफ बघून म्हणाले हा तर सांधा आहे, गाडी रूळ बदलते तिथे खडखडतेच, ड्रायव्हर चांगला असेल तर चहा सांडत नाही. तेव्हापासून आमच्यात त्याला सांधाच म्हणतात.

२९ जून, रविवार

नुसती गणितं, पण सगळं यातच आहे.

काळी चार, बायकांचा सा २०८. मग प ३११, ध ३४९, नी ३९२, तार सा ४१५, तार ग ५२३. सांधा ३०० ते ४०० मधे, म्हणजे आमचा अंतरा जिथे घुटमळतो ते प, ध, नी अख्खेच्या अख्खे सांध्यावर! तिथून चार ओळी वरखाली, प्रत्येक वेळी रूळ बदलायचा. चिरकणार नाही तर काय होणार.

आता काळी एकमधे गाणारा पुरुष घ्या, सा १३९. त्याचा तार सा २७७, तार ग ३४९, तार प ४१५. त्याचा सांधा तार ग-म च्या आसपास. म्हणजे काळी एकमधल्या पुरुषाचा तार प आणि काळी चारमधल्या बाईचा तार सा हा एकच सूर आहे, ४१५, एक माणूस तिथे जीव खाऊन पोचतो आणि दुसरीला तो अंतऱ्यात दर ओळीला हवा असतो.

त्यामुळे पट्टी म्हणजे नुसती सगळ्यात वरचा सूर पोचतो का ही परीक्षा नाही. चालीतले ज्यांच्यावर जास्त वेळ राहायचंय ते सूर सांध्याच्या कुठल्या बाजूला पडतात ते बघायचं. वर पडले तरी चालेल, खाली पडले तरी चालेल, बरोब्बर सांध्यातच बसले की संपलं. म्हणजे दोन रस्ते, अंतरा सांध्याखाली आणा नाहीतर सांध्याच्या वर न्या.

६ जुलै, रविवार

आषाढी. बुवांचं दिवसभर भजन, निम्मं मंडळ तिकडेच. प्रॅक्टिस नाही.

१३ जुलै, रविवार

खालचा रस्ता करून बघितला, कारण सगळ्यांची इच्छा तीच. पांढरी चार. बायकांचा सा १७५, अंतरा २६२ ते ३३०, खरंच छान लागला, भरीव, शब्द स्वच्छ, काकू खूश. पण ध्रुवपदात खालचा नी १६५ वर गेला आणि तिथे बऱ्याच जणींच्या आवाजात नुसता वारा. पुरुषांचं तर काही विचारू नका. एक सप्तक खाली गेले तर नी ८२ वर, तो खास खर्जवाल्यांचाच सूर आहे, आमच्यात तसा कुणीच नाही. बायकांच्याच सप्तकात गायला सांगितलं तर तार ग ४४० ला, बँकेतल्या दादांचा चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा दिसायला लागल्या, मी थांबवलं. बायकांसाठी बरोबर आणि पुरुषांसाठी अशक्य, त्यामुळे हा रस्ता बंद.

२० जुलै, रविवार

वरचा रस्ता. मी काळी पाच म्हटल्यावर हॉलमधे जे काही बोललं गेलं ते लिहीत नाही. काळी चार झेपत नाही आणि ही अजून वर न्यायला निघाली.

काळी पाचमधे बायकांचा सा २३३. प ३४९, ध ३९२, नी ४४०, तार ग ५८७. पुरुष एक सप्तक खाली, सा ११७, खालचा नी ११०, तार ग २९४, म्हणजे त्यांचं अख्खं गाणं सांध्याखाली, आणि खालचा नी ९८ वरून ११० वर आल्यामुळे घोगरेपणा गेला. पुरुषांचं पहिल्याच फटक्यात बसलं, त्यांनी तर विचारलं की आधीच ही का नाही धरली.

बायकांचं लगेच बसलं नाही. कारण काय की अंतऱ्याला जाताना सगळ्या जाड आवाजच वर रेटत होत्या, ३४९ चा प तसाच धरायचा आणि ध ला चिरकायचं. मी म्हटलं प पासूनच हलका लावा, त्याच्या आधी म वरच सोडा. तर दोघी-तिघींनी सरळ सांगितलं की आमच्या क्लासच्या बाईंनी खोटा आवाज काढायचा नाही म्हणून शिकवलंय. हे मी सगळीकडे ऐकते आणि मला थोडा राग येतो. बाईंचं म्हणणं आळशी, हवा मिसळलेल्या आवाजाबद्दल असेल तर बरोबरच आहे, पण हलका आवाज त्याच स्वरतंतूंचा आहे, त्यात खोटं काही नाही, फक्त नीट मिटले पाहिजेत. मग ओठ बंद करून म-कारात प-ध-नी, नी-ध-प, आधी वरून खाली यायचं, कारण उतरताना सांधा खाली सरकतो हे आता सगळ्यांना ग्राफवर दिसलेलं होतं. वरून हलका आवाज घेऊन प पर्यंत उतरायचं आणि तिथून तोच आवाज धरून परत चढायचं. अर्ध्या तासाने अंतरा एकदाही न चिरकता झाला. टीप नव्हती त्याला, पण सुरात होता, सगळ्यांचा एकसारखा होता, आणि काका पेटी थांबवून नुसते ऐकत बसले.

एक अडचण राहिली. तार ग वर शब्द येतो विघ्नहारी मधला री. ५८७ ला ई-कार म्हणजे शिक्षा आहे. ई म्हणताना तोंडाची पोकळी ज्या सुराला सगळ्यात आधी साथ देते तो ३०० च्या आसपास असतो, आपण गातोय त्याच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे तोंड काही मदतच करत नाही, गळा एकटाच. आ ची पहिली साथ ७०० च्या वर, त्यामुळे आ ला तिथे जागा मिळते. मोठमोठ्या गायिकांचे अगदी वरच्या सुरातले शब्द कळत नाहीत ते याचमुळे, सगळे स्वर आ कडे झुकतात. आजींना विचारलं, आजी म्हणाल्या विघ्नहरा करा की, देवाला हाकच मारायची आहे. झालं.

२३ जुलै, बुधवार

ए विंगच्या मावशी आल्या होत्या, म्हणाल्या मी बाहेर पडते, मला काळी पाच नाही झेपणार. त्यांचा कागद काढला, टिकणारा पट्टा १३० ते ३६०, हलका आवाज जवळजवळ नाहीच. पुरुषांच्या कागदांमधे ठेवला असता तर कुणी ओळखला नसता. त्या अंतऱ्यात तोंड हलवतात आणि गप्प राहतात हे मला माहीतच होतं.

मी सांगितलं तुम्ही ध्रुवपद आमच्याबरोबर म्हणा, त्यातले बहुतेक सूर तुमच्या पट्ट्यात आहेत, आणि अंतरा पुरुषांच्या सप्तकात म्हणा, प १७५, नी २२०, तार ग २९४, सगळं तुमच्या घरातलं. त्यांना ते लागलं, पुरुषांत उभं राहू का म्हणाल्या. मी गंगूबाई हनगलांचं नाव घेतलं. गळ्यावरच्या उपचारानंतर गंगूबाईंचा आवाज बदलला, जाड आणि भरदार झाला, न बघता ऐकलं तर पुरुष गातोय वाटावं असा, आणि त्याच आवाजात त्या आयुष्यभर गायल्या, किराण्याच्या मोठ्या गायिका म्हणून. मावशींनी गंगूबाईंना पूर्वी एकदा समोर बसून ऐकलंय असं निघालं, मग तासभर तेच चाललं. राहतायत. उभ्या मात्र बायकांच्या रांगेच्या टोकालाच राहणार, पुरुषांच्या शेजारी, ही तडजोड त्यांनीच काढली.

२७ जुलै, रविवार

नववीतल्या पोराचा आवाज फुटतोय. जूनमधे मोजलेला कागद आता निरुपयोगी, बोलतानाच मधेच वर जातो आणि सगळे हसतात. या वयात मुलांचे स्वरतंतू काही महिन्यांत वाढतात आणि आवाज सप्तकभर खाली येतो, मुलींचाही थोडा उतरतो पण दोन-तीन सुरांपुरताच, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. त्याला टाळ दिलेत. गायचं असेल तर हळू, मधल्या पाच सुरांत, जोर अजिबात नाही. त्याच्या आईला वाटतंय रियाज वाढवला तर लवकर बसेल. नाही बसणार, तो वाढून झाल्यावर बसेल.

३ ऑगस्ट, रविवार

बुवांचा प्रश्न. बुवा काळी तीनमधे भजन म्हणतात, सा १८५, आणि गजरात तार ग पर्यंत, म्हणजे ४६६, आणि तो हलका आवाज नाहीये, भरीवच आहे, सांध्याच्या कितीतरी वर नेलेला. त्यांचा ग्राफ इतरांसारखा तुटतच नाही. वरचे हार्मॉनिक्स बघितले तर तीन हजारांच्या आसपास एक ढीग आहे, आणि माणसाचा कान नेमका त्याच टापूत सगळ्यात तिखट, म्हणून ते माईकशिवाय गल्लीच्या टोकाला ऐकू येतात. १८८० साली किर्लोस्करांनी शाकुंतल उभं केलं तेव्हा थिएटरात माईक नव्हता, शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं तर उंच पट्टी आणि असाच आवाज लागायचा, भजनी मंडळं आणि शाहीर यांच्याकडे ती तऱ्हा अजून शिल्लक आहे. चाळीस वर्षांच्या रियाजाने ते टिकलंय. बँकेतल्या दादांनी त्यांचं बघून तसं ओरडायला जाऊ नये, हे मी त्यांना दोनदा सांगितलंय.

पण काळी पाचमधे पुरुषांची ओळ बुवांना फार खाली पडते, सा ११७ वर त्यांचा आवाज लागतच नाही, त्यांचा टिकणारा पट्टा १५० च्या वरच सुरू होतो. आणि बायकांच्या सप्तकात तार ग ५८७, तो त्यांनाही नाही. मधलं काही जमत नाही, म्हणून त्यांना गाण्यातून काढलं आणि शेवटी त्यांच्या पट्टीत वेगळा गजर दिला. चिडले नाहीत, पण समूहगानात मीच नाही असं दोनदा म्हणाले.

बांद्र्याला चर्चच्या कॉयरमधे गाणारी मैत्रीण भेटली, तिने विचारलं तुझ्याकडे सोप्रानो (बायकांचा उंच आवाज) किती, आल्टो (बायकांचा खालचा) किती. तिच्याकडे चार ओळी चार वेगळ्या पट्ट्यांसाठी लिहिलेल्या असतात, सोप्रानो साधारण २६२ ते १०४७, टेनर (पुरुषांचा उंच आवाज) १३१ ते ५२३ असं, ज्याचा जसा आवाज तशी त्याची ओळ. आपल्याकडे चाल एकच आणि सगळ्यांनी तीच गायची, त्यामुळे माणसाला खाना शोधण्यापेक्षा सा शोधणं भाग आहे. तिला मावशींची गोष्ट सांगितली तर म्हणाली तुमच्याकडे तुमच्या नकळत टेनर तयार झालीये.

१७ ऑगस्ट, रविवार

हॉलमधे स्पीकर लावून घेतलं. सांध्याच्या वर आवाज पातळ होतो तसा लहानही होतो, मीटरवर ध्रुवपद आणि अंतरा यांत सहा-सात डेसिबलचा फरक दिसतो, आणि तबला मात्र तेवढाच. त्यामुळे अंतऱ्याला बायकांचा माईक वर आणि तबला खाली, हे मी स्वतः करणार, मांडववाल्याच्या साउंडवाल्यावर सोडणार नाही, त्याला एकच बटण माहितीये.

आणि स्वतःचा आवाज ऐकू येण्यासाठी एक छोटा स्पीकर बायकांकडे तोंड करून. ऐकू आलं नाही की माणूस जोर लावतो, जोर लावला की जाड आवाज वर जातो, आणि मग परत ध वर चिरकणं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून पाऊस, लोकल बंद, बँकेतले दादा फोर्टला अडकलेत. प्रॅक्टिस रद्द. पेटी प्लास्टिकमधे गुंडाळून वरच्या मजल्यावर नेली.

२४ ऑगस्ट, रविवार

शेवटची प्रॅक्टिस. काळी पाच पक्की. तंबोऱ्याच्या ॲपवर दोन सेटिंग सेव्ह केली, गाण्याला काळी पाच आणि गजराला काळी तीन, मधे काका पेटीवर दोन सूर फिरवून नवीन सा दाखवणार, तेवढ्यात टाळ चालू. पेटी अजून ४४६ लाच आहे त्यामुळे ॲपही तेवढं चढं करून ठेवलंय, नाहीतर दोघांत लाटा ऐकू येतात.

बाकी राहिलेलं: मावशींसाठी वेगळा माईक स्टँड मागायचा, गार सरबत गाण्याच्या आधी नको म्हणून कमिटीला सांगायचं, आणि तळमजल्यावरच्या वहिनी तार ग वर अजून री म्हणतायत, त्यांच्या कागदावर लाल पेनने रा लिहून दिलाय. बुवांचं मत आहे की काळी चारच बरी होती आणि बायकांना जोरात गायला शिकवायला हवं होतं. पुढच्या वर्षी त्यांना अंतरा द्यायचा ठरलंय, काळी तीनमधे, एकट्याने.